टिंब

शाळेतल्या बाईंचा नवरा होणं सोपं नाही, असं आमच्या घरी अधूनमधून ऐकू येतं. कारण अगदी साधं आहे. लग्नाचं आमंत्रण आलं की मुहूर्त कधीचा हे मी नंतर पाहते. आधी पत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासते. खाणावळीत बसलं की जेवण येईपर्यंत फळ्यावरच्या ‘स्पेशल थाळी’तल्या चुका मोजते. बाईच्या पिशवीत एक वेळ पैसे नसले तरी चालतील, पण लाल पेन असलंच पाहिजे, असं ह्यांनी माझ्याविषयी एक वचन करून ठेवलं आहे आणि पाहुण्यांसमोर ते हौसेनं म्हणून दाखवतात. एरवी मी कादंबऱ्याही लिहिते. पण त्यांतल्या चुका काढायचं काम मी उदार मनानं वाचकांवर सोपवलं आहे.

या खोडीचा उपयोग कधी लोखंड कापायच्या कारखान्यात होईल, असं मला कुणी सांगितलं असतं तर मी हसले असते. मॅट्रिकला, म्हणजे हल्लीच्या भाषेत दहावीला, मला गणितात 36 गुण होते. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरपर्यंत. आणि तोही त्याचं झाकण नीट बसत नाही एवढाच.

माझ्या धाकट्या भावाचं कोल्हापुरात, उद्यमनगरात, एक लहानसं वर्कशॉप आहे. लहानसं म्हणजे किती, तर दारात त्याची मोटारसायकल लावली की आत शिरायला अंग चोरावं लागतं. आत दोन लेथ, एक ड्रिल, भिंतीवर अंबाबाईचा फोटो आणि मधोमध, घरात नवी सून बसावी तसं, एक सीएनसी मशीन. नवी सून म्हणायचं ते मानापुरतं. मशीन तसं जुनं, दुसऱ्याच्या घरी पंधरा-वीस वर्षं नांदून आलेलं. ते घेताना आईच्या पाटल्या बँकेत गेल्या होत्या. आईनं त्या स्वतःच्या हातानं काढून दिल्या खऱ्या. पण त्यानंतर स्वयंपाक करताना ती उगाचच मनगट चोळत बसायची. धाकट्यानं ते पाहिलं होतं, मीही पाहिलं होतं. आम्ही दोघं त्याविषयी कधी बोललो नाही.

या मशीनवर काम करायचे ते मामा. मामा म्हणजे नात्यातले नव्हेत. उद्यमनगरात साठीकडे झुकलेला प्रत्येक कारागीर मामाच असतो. वडिलांच्या वेळेपासून लेथवर उभे राहिलेले. मशीन आलं तेव्हा पन्नाशी उलटलेल्या या माणसानं सहा महिन्यांत त्याची भाषा शिकून घेतली आणि शाळकरी पोरासारखी एका दोनशेपानी वहीत बॉलपेनानं उतरवून ठेवली. वहीला खाकी कव्हर घातलेलं, वर ‘श्री’.

गेल्या वर्षी गणपती उठले आणि एका पंपाच्या कारखान्याचं काम धाकट्याकडे आलं. बिडाचे ओतीव भाग, त्यांना तोंडाकडून सपाट करायचं, भोकं पाडायची, कडेनं एक खाच घ्यायची. दिवाळीच्या आत माल द्यायचा होता. काम चांगलं होतं. पाटल्या सुटण्याइतकं चांगलं. आणि पहिल्याच दिवशी, पहिल्याच जॉबला अपघात झाला. वरून खाली येणारं टूल जॉबच्या वर जिथं थांबायचं तिथं थांबलं नाही, सरळ क्लॅम्पवर येऊन आदळलं. टूलचे तुकडे, होल्डर वाकडा, क्लॅम्पला खळगा. मशीनचा स्पिंडल तपासायला माणूस यायला तीन दिवस लागले. नशीब म्हणायचं की तो वाचला होता.

धाकटा मामांना बोलला. “ऑफसेट चुकला तुमचा,” म्हणाला. प्रत्येक टूल किती लांब आहे ते मशीनला आधी सांगावं लागतं. तो आकडा चुकला तर टूल असंच खाली येऊन आदळतं. तेव्हा त्याचं म्हणणं काही अगदीच वेड्यासारखं नव्हतं. पण वर तो आणखी एक वाक्य बोलला, “आता तुमचं वय झालं मामा.” मामा काही बोलले नाहीत. “टूल थांबलंच न्हाई, मालक,” एवढंच दोनदा म्हणाले, हात पुसले आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी आले नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. जाताना वही मात्र मशीनशेजारच्या फडताळावर ठेवून गेले. तीस वर्षांत न बोलता घरी गेलेले मामा आम्ही कुणीच पाहिले नव्हते.

मी त्या रविवारी सहज गेले होते, डब्यातून थालीपीठं घेऊन. धाकटा संगणकापुढं डोकं धरून बसला होता.

“अक्का, तुला आकड्यातलं काही कळत नाही हे मला माहीत आहे,” तो म्हणाला. ही आमच्या घरातली प्रेमाची भाषा. “पण तू दिवसाला साठ वह्या तपासतेस. हे एवढं तपास की. माझे डोळे फुटायची पाळी आली.”

त्यानं माझ्यापुढं कागद टाकले. कागदांवर इंग्रजी अक्षरं आणि आकडे, ओळीखाली ओळ: जी शून्य, एक्स अमुक, वाय तमुक, झेड इतके. ही त्या मशीनची भाषा. जी शून्य म्हणजे वेगानं जा. जी एक म्हणजे कापत, सावकाश, सरळ रेषेत जा. जी दोन आणि जी तीन म्हणजे कमानीत जा, एक उजवीकडून, एक डावीकडून. एम आठ म्हणजे गार पाणी सोड, एम नऊ म्हणजे बंद कर. मला गंमत वाटली ती एका गोष्टीची. एकदा ‘जी एक’ म्हटलं की पुढच्या ओळींत ते पुन्हा म्हणावं लागत नाही. दुसरं काही सांगेपर्यंत मशीन तेच धरून चालतं. आपणही नाही का, ‘काकू आल्या’ म्हणून सुरुवात केली की पुढं ‘बसल्या, चहा घेतला, तासभर सुनेची गाऱ्हाणी सांगितली’ असं म्हणतो. दर क्रियापदाला काकू लागत नाहीत!

आता मी कागद तपासायचे म्हणजे कशाशी ताडून? मुलाची वही तपासायला पुस्तक तरी समोर लागतं. मी उठून फडताळावरची मामांची वही आणली. तीत एका जुन्या जॉबचा अख्खा प्रोग्रॅम त्यांच्या ठसठशीत अक्षरांत होता. डाव्या हाताशी वही, उजव्या हाताशी कागद, आणि हातात (होय) लाल पेन.

विसाव्या ओळीपर्यंतसुद्धा जावं लागलं नाही. मामांच्या वहीत ‘झेड 50’ असं होतं आणि पन्नासच्या पुढं एक टिंब होतं. कागदावर ‘झेड 50’ होतं आणि पुढं काही नव्हतं. मी पुढं पाहत गेले. मामांच्या वहीत प्रत्येक मापाला टिंब होतं. कागदावर साडेबारा, सव्वासात अशा अपूर्णांकांना होतं. पण जिथं आकडा पूर्ण होता तिथं टिंब गळालेलं.

“हे टिंब कशाला असतं रे?” मी विचारलं.

“असतं तसंच,” धाकटा म्हणाला आणि एकदम गप्प झाला. मग त्यानं माझ्या हातून कागद ओढून घेतला.

माझ्या 36 गुणांच्या गणितात पन्नास आणि पन्नास-टिंब यांत काडीचा फरक नाही. त्या मशीनच्या गणितात मात्र फार आहे. टिंब असलं तर पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटर. टिंब नसलं तर ते मशीन आकडा आपल्या सगळ्यांत लहान मापानं मोजतं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागानं. पन्नास म्हणजे पन्नास मायक्रॉन. केसाच्या जाडीएवढं! जॉबच्या वर चार बोटं थांब, असं सांगायचं होतं. सांगितलं गेलं केसभर वर थांब. आणि त्या केसभर अंतराच्या वाटेत क्लॅम्प उभा होता. मामा म्हणाले होते ते अक्षरशः खरं होतं: टूल थांबलंच नाही.

आमच्या शाळेत पाचवीच्या वर्गात एका मुलानं ‘माझी सुट्टी’ या निबंधात लिहिलं होतं, “आम्ही गावी गेलो आणि रोज आबा कापून खाल्ले.” सगळा वर्ग हसला; त्याचे आजोबा शाळेजवळच राहत, तेही हसले. आंब्याच्या डोक्यावरचं टिंब पोरानं गिळलं, एवढाच गुन्हा. 1962 साली मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम आले आणि ज्यांचा उच्चार होत नाही असे कितीतरी अनुस्वार एका फटक्यात घरी बसले. माझ्या आजीला ते कधीच पटलं नाही; ती शेवटपर्यंत ‘नांव’ असंच लिहायची आणि टिंब न देणाऱ्यांना आळशी म्हणायची. पण तिच्या टिंबांनी, असोत वा नसोत, कुणाचा होल्डर वाकडा केला नव्हता.

तर हे टिंब गेलं कुठं? इथं मला एक नवा प्राणी भेटला. त्याचं नाव पोस्ट-प्रोसेसर. झालं असं की धाकटा जॉबचं चित्र संगणकावर काढतो. टूल कुठून कसं फिरेल ते संगणकातला एक कार्यक्रम ठरवतो. पण ते ठरतं एका सर्वसामान्य भाषेत. ती कुठल्याच मशीनची मातृभाषा नसते. तिचं त्या-त्या मशीनच्या बोलीत भाषांतर करणारा जो दुभाषा, तो हा पोस्ट-प्रोसेसर. कोकणातल्या माणसाला एक सांगावं लागतं, वऱ्हाडातल्याला दुसरं, अर्थ तोच. ही सोय काही आजची नाही. अमेरिकेत एमआयटी या संस्थेत 1952 साली आकड्यांवर चालणारं मशीन लोकांना दाखवलं गेलं, आणि त्याच दशकात डग्लस रॉस यांच्या पुढाकारानं अशा मशीनांना हुकूम देण्याची एपीटी नावाची भाषा तिथं घडली. तिच्यात तेव्हापासूनच ही वाटणी होती: आधी सगळ्यांना सारखा हिशेब, मग मशीनगणिक वेगळा दुभाषा. 1959 साली ती भाषा जगापुढं मांडताना पत्रकारांना त्या रीतीनं कापलेला ॲल्युमिनियमचा एकेक ॲशट्रे भेट दिला होता म्हणे. आपल्याकडे चिवड्याची वाटी दिली असती.

धाकट्याचा जुना दुभाषा एका हुशार मुलानं या मशीनच्या सवयी पाहून बसवून दिला होता. तो मुलगा पुढं पुण्याला नोकरीला गेला. श्रावणात संगणक बिघडला, त्यात सगळं नव्यानं भरलं, आणि जुना दुभाषा गेला. त्याच्या जागी एक तयार, सर्वसाधारण दुभाषा आला. तो वाईट नव्हता. काही मशीनं टिंब नसलं तरी पन्नास म्हणजे पन्नास मिलिमीटरच समजतात. तो तसल्या घरचा होता. आपल्या मशीनच्या घरची रीत त्याला कुणी सांगितलीच नव्हती.

“मग प्रत्येक कागदावर टिंबं देत बसू,” धाकटा म्हणाला. “मामा आले की देतील.”

हे ऐकून माझ्यातली मास्तरीण जागी झाली. तीस मुलांच्या तीस वह्यांत एकच चूक सापडली, तर शहाण्या बाईनं वह्या तपासणं थांबवावं आणि फळ्यावर आपण काय लिहिलं होतं ते पाहावं. “अरे, फळा कुठं आहे तो दाखव,” मी म्हटलं.

फळा म्हणजे एक फाईल निघाली. मला वाटलं होतं, उघडली की काहीतरी विजेच्या तारांसारखं दिसेल. दिसलं ते साधं इंग्रजी गद्य. पुष्कळ कंस आणि अर्धविरामांचं, पण गद्यच. तुकड्या-तुकड्यांत मांडलेलं: प्रोग्रॅम उघडताना काय लिहायचं, सरळ रेष आली की काय लिहायचं, कमान आली की काय, शेवटी काय. सुरुवातीला मापं कशी लिहायची त्याचा नियम: दशांशापुढं तीन अंक, आणि त्याच ओळीत एक शब्द, ‘फोर्सडेसिमल’, टिंबाची सक्ती. त्याच्यापुढं लिहिलं होतं, ‘नाही’.

धाकट्यानं आधी मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवली. (कादंबरीचा पहिला खर्डा फाडून टाकण्याची सवय असलेल्या मला हा शहाणपणा त्याच्याकडून शिकावा लागला.) मग ‘नाही’चं ‘होय’ केलं. आणि उत्साहाच्या भरात आम्ही शेजारच्या सगळ्याच नियमांत ‘होय’ करून टाकलं. परिणाम? मशीननं प्रोग्रॅम घ्यायलाच नकार दिला. पडद्यावर तक्रार: दशांश चिन्हाचा गैरवापर. टूलचा नंबर दोन असतो, दोन-टिंब नसतो. फेऱ्यांच्या आकड्यालाही टिंब चालत नाही. आबा-आंबा प्रकरणानंतर मी वर्गात अनुस्वारावर तासभर बोलले होते, तेव्हा दुसऱ्या दिवशी त्याच पोरानं ‘आंजी’ लिहून आणलं होतं. मला त्याची आठवण झाली आणि मी एकटीच हसत सुटले. धाकट्याला वाटलं, अक्का दमली.

माप असेल तिथं टिंब, क्रमांक असेल तिथं नाही: इतकं बसवायला त्या रात्रीचे नऊ वाजले. पुढचे चार दिवस मी शाळा सुटली की तिथंच. आणखी एक अडचण निघाली. मशीनची स्मरणशक्ती बेताची. पूर्वी हे प्रोग्रॅम कागदी पट्टीला भोकं पाडून लिहीत. त्यामुळे जुन्या मशीनची स्मरणशक्ती चक्क मीटरात मोजतात. आमच्या मशीनची 80 मीटर पट्टीएवढी, म्हणजे साधारण 32 हजार अक्षरं. माझ्या एका कादंबरीचं एक प्रकरण बसेल, तेही वर्णनं काढून. दुभाषा तर दर ओळीला नंबर घालत होता आणि शब्दाशब्दांत मोकळी जागा सोडत होता. धाकटा म्हणाला, दोन्ही काढू. मला मोकळ्या जागा काढताना जिवावर आलं. पण मशीन काही कविता वाचत नव्हतं. टूल बदलण्याची रीत मात्र आम्हाला जमेना. टूल बदललं की आधीचं सगळं विसरून नव्या टूलची लांबी पुन्हा सांगायला हवी, ती ओळ कुठं घालायची यावर आमचं दोन संध्याकाळी भांडण झालं. वहीत ते होतं, पण मामांनी तिथं फक्त दोन शब्द लिहिले होते: ‘इथं जपून.’

“मामांना विचारायला हवं,” मी म्हटलं.

धाकटा बराच वेळ पडद्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “अक्का, तू चल माझ्याबरोबर.”

मामा रंकाळ्याच्या पलीकडे राहतात. आम्ही गेलो तेव्हा ते अंगणात नातवाची सायकल उलटी करून चेन बसवत होते. मामींनी पाट दिले, पाणी दिलं. धाकट्यानं खिशातून ते दोन कागद काढले, जुना आणि नवा, आणि टिंबावर बोट ठेवलं. एक शब्द बोलला नाही. मामांनी चष्मा लावला. पाहिलं. पुन्हा पाहिलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला आणि तिसऱ्यांदा पाहिलं.

“चुकलं माझं, मामा,” धाकटा म्हणाला. “वयाचं बोललो ते तर फारच चुकलं.”

मामा सायकलचं चाक फिरवत म्हणाले, “ऑफसेट मी तीनदा बघितला हुता.” आणि थोड्या वेळानं, “चा घ्या.” चहा होईपर्यंत ते कागदाकडेच बघत होते. मग एकदम विचारलं, “टूल चेंजचं काय केलंसा?”

टूल चेंजचं त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी दहा मिनिटांत सांगितलं. धाकट्यानं दुभाष्याच्या फाईलमध्ये ते उतरवलं. मग मामांनी मशीनचा शून्य शंभर मिलिमीटर वर घेतला आणि प्रोग्रॅम हवेतच चालवून पाहिला. एकेक ओळ, एकेक बटण. टूल रिकाम्या हवेत खाच कापत होतं, भोकं पाडत होतं. मी श्वास धरून उभी होते. ‘झेड 50’ आलं. मामांचं बोट लाल बटणावर होतं. टूल आलं, आणि जिथं थांबायचं तिथं थांबलं.

खंडेनवमीला मशीनला हार घातला. दरवर्षी नारळ धाकटा फोडतो. यंदा त्यानं तो मामांच्या हातात दिला. मामांनी तो फोडला आणि पाणी आधी मशीनवर शिंपडलं, मग संगणकावर शिंपडायला निघाले. तेव्हा मात्र आम्ही दोघं एकदमच ओरडलो. माल दिवाळीच्या चार दिवस आधी गेला. पाटल्या अजून बँकेतच आहेत. पण निम्मं कर्ज फिटलं आहे आणि आईनं मनगट चोळणं सोडून दिलं आहे. निदान आमच्यासमोर तरी.

भाऊबीजेला धाकट्यानं ताटात साडी घातली. साडीवर एक लहानसं पितळेचं निरांजन होतं, जड, चकचकीत. “हे माझं नाही, मामांनी दिलंय,” तो म्हणाला. मी ते उलटं करून पाहिलं. तळाला बारीक रेषेत अक्षरं कोरली होती: ‘बाईंस’. अक्षरं हलक्या हातानं कापली होती, पण ‘ईं’वरचं टिंब चांगलं खोल होतं. त्याच्यासाठी मामांनी टूल बदलून ड्रिल लावलं असणार. बोट फिरवलं की लागतं.